तालाचा गुरू शोधताना

(अभ्यासपाठ)

वाचन : १ इतिहास १५:१६-२२, २५:१-८, दानीएल १:३-१७

आपल्या पुष्कळ मंडळ्यांत पेटी वाजवणारा मिळतो, गाणारे तर हवे तितके मिळतात. अडते ते तबल्यापाशी. वडील माणूस थकला की तबला-डग्गा कपाटावर जातो आणि त्याच्या जागी यंत्रातला तयार ठेका येतो. यंत्र ताल चुकत नाही हे खरे, पण गाणारी मंडळी श्वासासाठी थांबली तरी ते थांबत नाही. म्हणून मंडळीतील एखाद्या मुलाने किंवा मुलीने हे वाद्य रीतसर शिकावे असे वाटले, तर पुढचा प्रश्न येतो तो गुरूचा. घरी अगर त्यांच्याकडे जाऊन शिकण्यासाठी चांगला गुरू कसा शोधावा, त्याला काय विचारावे, आणि शिकताना काय जपावे, ह्याचा विचार ह्या पाठात करू या.

१. शास्त्रात ताल देणारे

ताल देणाऱ्यांना पवित्र शास्त्रात हलके लेखलेले नाही. तांबड्या समुद्राच्या काठी मिर्यामेने हाती डफ घेतला. दाविदाच्या काळी हेमान, आसाफ व एथान यांच्याकडे पितळेच्या झांजा होत्या (१ इतिहास १५:१९). बारा स्तोत्रे ज्याच्या नावावर आहेत तो आसाफ झांजा वाजवणारा होता, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. त्याच अध्यायात कनन्या गायन शिकवी, कारण तो त्यात निपुण होता असे सांगितले आहे. पुढे पंचविसाव्या अध्यायात शिकून तयार झालेल्यांची संख्या २८८ दिली आहे, आणि पाळ्या ठरवताना लहान-मोठा, गुरू-शिष्य असा भेद न करता सर्वांच्या चिठ्ठ्या टाकल्या.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की उपासनेत वाजवणाऱ्याने शिकलेले असावे; भक्ती आहे म्हणून हात आपोआप वळतो असे नाही. दुसरी ही की शिकवणारा आणि शिकणारा हे दोघेही सेवेच्या एकाच रांगेत उभे असतात.

२. घरातील अडचण

मुलगा तबला शिकतो म्हणाला की काही घरांत आजोबा गप्प होतात. त्या गप्प बसण्यामागे इतिहास आहे. गावगाड्यात हलगी, डफ वाजवणे हे मातंग समाजाच्या माथी मारलेले काम होते. लग्न असो की मयत, बोलावणे आले की जावे लागे, आणि वाजवणाऱ्याने मात्र उंबऱ्याबाहेर उभे राहावे. चामड्याला हात लावणे हेच कमीपणाचे ठरवले गेले होते. आपल्या मंडळ्यांतील कित्येक कुटुंबांचे पूर्वज ह्याच जिण्यातून बाहेर पडले. त्यांनी हलगी खाली ठेवली ती वाद्याचा द्वेष म्हणून नव्हे, तर त्या वाद्याला बांधलेली गुलामी नको म्हणून.

तेव्हा आजोबांना हसू नये व त्यांच्याशी वादही घालू नये. त्यांना एवढेच सांगावे, की तेव्हा दुसऱ्याच्या हुकमाने वाजवावे लागे. आता नातू आपल्या इच्छेने शिकतो आहे आणि सर्वांच्या मध्ये बसून वाजवणार आहे. आजोबांच्या हातात जुना ठेका अजून असेल, तर नातवाने तो त्यांच्याकडूनही शिकून घ्यावा. गुरूचा शोध कधी कधी घरातच सुरू होतो.

३. माळव्याचे भाग्य

उज्जैनच्या दक्षिणेकडील नानाखेडा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रापासून दूर असल्यामुळे इथे चांगले शिक्षण कुठले, असे त्यांना वाटेल. परंतु तालवाद्याच्या बाबतीत माळवा मागे नाही. शिंदे-होळकरांच्या काळापासून मराठी माणसे इथे आहेत, आणि गाणे-वाजवणेही त्यांच्याबरोबर आले. वाईजवळच्या बावधनचे नाना पानसे एकोणिसाव्या शतकात इंदूरला स्थायिक झाले, आणि पखवाजातील एक घराणे त्यांच्याच नावाने ओळखले जाते. इंदूरचे उस्ताद जहांगीर खाँ यांनी तेथील अनेक मराठी शिष्यांना तबला दिला. मराठी रंगभूमीने तर बालगंधर्वांच्या गाण्यामागे उस्ताद अहमदजान थिरकवा यांचा तबला ऐकला आहे. गुरू एका धर्माचा व शिष्य दुसऱ्या धर्माचा, ही ह्या विद्येतील जुनीच रीत आहे.

४. शोध कोठे घ्यावा

(अ) उज्जैनमध्ये शासकीय माधव संगीत महाविद्यालय आहे. तिथे प्रवेश घ्यायचा नसला तरी, खासगी शिकवणी कोण घेते ह्याची माहिती तिथल्या शिक्षकांकडून व वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून मिळू शकते.

(आ) तबल्याला पुडी चढवणाऱ्या, वादी ओढणाऱ्या कारागिराला विचारावे. गावातील प्रत्येक वाजवणारा त्याच्या दुकानी येतो. कोणाचे वाद्य सुरात असते व कोण ते नीट सांभाळतो, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

(इ) भजनी मंडळे, कीर्तने, शाळेचे संगीत शिक्षक यांच्याकडे चौकशी करावी. वाजवणारा ऐकायला मिळाला तर उत्तमच. तो गाणाऱ्याच्या पुढे धावतो की त्याला साथ देतो, एवढे ऐकले तरी पुष्कळ कळते.

(ई) इंदूर सुमारे ५५ किलोमीटरवर आहे आणि नानाखेडा बसस्थानकावरून तिकडे जाता येते. पण नवशिक्याने आठवड्यातून एकदा दूरच्या मोठ्या नावाकडे जाण्यापेक्षा जवळच्या साध्या, नियमित गुरूकडे दोनदा जावे. हात बसल्यावर मोठ्या गुरूकडे जाता येते. वाकडा बसलेला हात सरळ करणे मात्र दोघांनाही जड जाते.

(उ) हल्ली मोबाईलवर समोरासमोर दिसून शिकवणारेही आहेत. गाव लहान असेल तर त्यांचा उपयोग होतो. पण आवाज पोहोचायला क्षणभर उशीर लागतो, त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही; आणि मनगट कोठे अडते हे समोर बसलेल्या गुरूला जितके दिसते तितके पडद्यावर दिसत नाही.

५. गुरूला काय विचारावे

पहिल्या भेटीत संकोच न धरता पण आदराने विचारावे : आपण कोणाकडे शिकलात? नवशिक्यांना शिकवता का? एका वेळी किती मुले बसतात? फी महिन्याची की तासाची, आणि चुकलेल्या दिवसाचे काय? आपण गाण्याला साथ करायला शिकवाल, की केवळ कायदे-तुकडे? एक तास बसून ऐकू द्याल का?

त्या तासात पाहावे, की गुरू बोल आधी तोंडाने म्हणवून घेतात का. ह्याला पढंत म्हणतात. जे तोंडाला नीट येत नाही ते बोटांना येत नाही. हळू लयीत तेच तेच करून घेणारा गुरू पहिल्याच दिवशी गाणे वाजवायला लावणाऱ्यापेक्षा बरा. मूल चुकले तर तो काय करतो, हेही पाहावे. अपमान करून शिकवलेला ताल मनात भीती ठेवून जातो. लहान मुलामुलींची शिकवणी उघड्या खोलीत व्हावी, आणि आईवडिलांना केव्हाही येऊन बसता यावे, हे सुरुवातीलाच ठरवून घ्यावे. चांगल्या गुरूला त्याचा राग येत नाही. मग एक महिना शिकून पाहावे.

परीक्षांचाही प्रश्न निघेल. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे १९३१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारद व अलंकारपर्यंत जातात. परीक्षेने अभ्यासाला शिस्त लागते. पण विशारद झालेल्याला साधे भजन धरता येत नसेल, तर काहीतरी राहून गेले म्हणायचे.

६. विश्वास आणि रीतिरिवाज

इथे खरा पेच येतो. काही गुरूंकडे शिकवणीच्या आरंभी सरस्वतीवंदना होते, वाद्याला फुले वाहतात, गुरुपौर्णिमा पाळतात. गुरू शिष्याच्या मनगटाला गंडा बांधतो तो विधी मात्र नेहमीच्या शिकवणीत बहुधा नसतो. ख्रिस्ती मुलाने काय करावे?

दानीएलाकडे पाहा. तो खास्द्यांची भाषा व विद्या परक्या गुरूंकडून शिकला आणि त्यात पारंगत झाला. विद्या परकी म्हणून त्याने टाकली नाही. जे त्याच्या मनाला पटणारे नव्हते त्याबद्दल त्याने अधिकाऱ्याकडे नम्रपणे विनंती केली, आणि दहा दिवसांची परीक्षा स्वतःच सुचवली. भांडण नाही, आणि लपवाछपवीही नाही.

तसेच आपणही करावे. पालकांनी पहिल्याच भेटीत सांगावे, “गुरुजी, आम्ही ख्रिस्ती आहोत. आपला मान आम्ही मनापासून राखू. पूजेच्या वेळी मात्र मुलगा शांत उभा राहील.” बहुतेक गुरूंना हा स्पष्टपणा आवडतो. वाकून नमस्कार करणे, वाद्याला पाय न लावणे, गुरूच्या आधी आसनावर न बसणे ही आदराची अंगे आहेत; आदर कोठे संपतो आणि पूजा कोठे सुरू होते, हे प्रत्येक कुटुंबाने प्रार्थनापूर्वक ठरवावे. जो दुसऱ्याहून वेगळे ठरवील त्याला दोष देऊ नये.

७. शिकणे म्हणजे काय

तबल्याच्या पुडीवर कडेला चाट, मध्ये काळी शाई आणि त्या दोहोंमध्ये लव असते. ही शाई केवळ शोभेची नाही. साध्या चामड्याच्या ढोलातून नुसता घोष निघतो. शाईच्या थरांमुळे तबल्यातून स्वर निघतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली ह्याच गोष्टीवर लिहून, आपल्या वाद्यांचे उपस्वर कसे सुरेल जुळतात हे जगाच्या नजरेस आणले. म्हणूनच तबला पेटीच्या सुराला लावावा लागतो. गजऱ्यावर वरून हातोडी मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो. फरक मोठा असेल तर गठ्ठे सरकवावे लागतात.

पहिले काही महिने ना, ता, तीं, गे, क अशी अक्षरे स्पष्ट काढण्यात जातात. उजव्या हाताचा ना आणि डग्ग्याचा गे एकदम पडला की धा होतो. मग ठेके येतात. मंडळीच्या गायनाला प्रथम दोन पुरतात :

दादरा, ६ मात्रा : धा धी ना । धा ती ना
केरवा, ८ मात्रा : धा गे ना ती । न क धी ना

पुढे भजनी ठेका, ७ मात्रांचा रूपक, १० मात्रांचा झपताल व १६ मात्रांचा तीनताल शिकावा. तीनतालात पहिल्या मात्रेवर सम, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी, आणि नवव्या मात्रेवर काल असतो.

आपल्या उपासनेत दोन प्रकारची गाणी आहेत. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्यासारख्यांची भजने व अभंग आपल्या ठेक्यांत सहज बसतात. इंग्रजी चालींच्या गीतांत मात्र पुष्कळदा पहिला शब्द समेच्या आधीच्या मात्रेवर सुरू होतो. तिथे तबलजीने गाण्याबरोबर लगेच धा मारला की सगळी ओळ वाकडी होते. अशा वेळी एक-दोन-तीन मोजत, वजन कोणत्या अक्षरावर पडते ते आधी टाळीने शोधावे. आपण वाजवणार ती गीते गुरूला म्हणून दाखवावी. कोणता ठेका कोठून धरायचा हे ते सांगतील.

कोणाला ड्रम-सेट शिकायचा असला तरी नियम तेच. आधी रबराच्या गादीवर दोन काठ्यांचे समान आघात, सोबत मेट्रोनोम, आणि मग सेट.

८. रोजची बैठक

रविवारी तीन तासांपेक्षा रोज अर्धा तास बरा. आधी बोल म्हणावे, मग संथ लयीत वाजवावे. लय शेवटी वाढवावी. शेजाऱ्यांची वेळ सांभाळावी. पावसाळ्यात पुडी ढिली पडते, उन्हाळ्यात ताणली जाते. म्हणून तबला झाकून, उन्हापासून व चुलीपासून दूर ठेवावा. शाईला पाणी लागू देऊ नये.

मंडळीनेही आपला वाटा उचलावा. गरीब घरच्या मुलाची फी तरुण संघाने भरावी, कपाटावरचा तबला दुरुस्त करून द्यावा, आणि सहा महिन्यांनी त्याला एक सोपे भजन वाजवू द्यावे. तो चुकला तर मागे वळून पाहू नये. दाविदाच्या चिठ्ठ्यांत शिकणाऱ्याचेही नाव होते.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत तालवाद्य कोण वाजवते? त्याच्यामागे कोण तयार होत आहे?
२. दानीएलाने काय स्वीकारले व काय नाकारले? शिकवणीच्या रीतींबाबत आपण रेषा कोठे ओढाल?
३. वाद्याला चिकटलेला जुना कमीपणा आपल्या घरात अजून आहे काय? वडीलधाऱ्यांशी त्याबद्दल कसे बोलाल?
४. आपल्या गीतांपैकी कोणतीही पाच निवडा. टाळी देऊन प्रत्येकाची सम शोधा व ठेका ठरवा.