कमी पाण्यातील धान : मुदत आणि मुळे

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धानशेती बव्हंशी पावसावर आणि मालगुजारीच्या काळात बांधलेल्या तलावांवर अवलंबून आहे. रोवणीची घाई सर्वांच्या नजरेस येते; परंतु पिकाची खरी कसोटी पाऊस परतल्यावर लागते. दीर्घ मुदतीचे भारी धान ऑक्टोबरच्या सुमारास फुलोऱ्यावर येते आणि नेमके त्याच वेळी तलावाच्या शेवटच्या टोकाकडील बांध्या कोरड्या पडू लागतात.

फुटवे येण्याच्या काळातील पाण्याचा ताण पीक काही अंशी भरून काढते. फुलोऱ्यातील ताणाचे तसे नाही. लोंबी पोटरीतून पुरती बाहेर पडत नाही, परागकण निकामी होतात व दाणे पोचट राहतात. नंतर पाऊस आला तरी ही हानी भरून निघत नाही. म्हणूनच अवर्षणप्रवण बांधीसाठी वाणाचा पहिला गुण म्हणजे त्याची मुदत होय. झारखंड व ओडिशा या राज्यांसाठी २०१० मध्ये प्रसारित झालेला 'सहभागी धान' हा वाण सुमारे १०५ दिवसांत तयार होतो. पाण्याची हमी असलेल्या बांधीत मात्र भारी धान अधिक उत्पन्न देते, हेही विसरता कामा नये.

दुसरा गुण मुळांचा. आयआर ६४ या सुप्रसिद्ध वाणाची मुळे उथळ पसरतात. फिलिपीन्समधील किनांदांग पातोंग या माळरानावरील भाताची मुळे खोल जातात. जपानी शास्त्रज्ञ युसाकू उगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या भातातील 'ड्रो १' हे जनुक संकराने आयआर ६४ मध्ये आणले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विशेष असे, की त्यामुळे मुळांचा एकूण भार वाढला नाही. त्यांचा कोन तेवढा बदलला आणि ती सरळ खाली उतरली. तीव्र अवर्षणात आयआर ६४ ला जवळजवळ दाणाच भरला नाही, तर या नव्या वाणाने काही पीक हाती दिले.

तथापि खोल मुळांना खाली ओल हवी आणि वाटही हवी. वर्षानुवर्षे चिखलणी केलेल्या बांधीत तळाशी घट्ट थर बसतो. मुरमाड जमिनीत तर खोलीच नसते. तेथे लवकर येणारे धानच उपयोगी. पाने गुंडाळून व पर्णरंध्रे मिटून पाणी वाचविणाऱ्या रोपाचे कौतुक होते खरे, पण पर्णरंध्रे मिटली की अन्ननिर्मितीही मंदावते.

बियाण्यांची मागणी नोंदविताना ग्रामपंचायतीने कोणत्या बांधीला तलावाचे पाणी केव्हा बंद होते आणि नांगराखाली माती किती खोल आहे, एवढे टिपून ठेवले तरी वाणाची निवड पुष्कळशी सुकर होईल.