धूर नाही म्हणून अग्नी नाही काय?

डोळ्यातले काजळ डोळ्याला दिसत नाही, त्याला आरसा लागतो. समाजाच्या दोषाचे असेच आहे. परगावचा अन्याय चटकन दिसतो. आपल्या गावचा मात्र ‘वहिवाट’ हे नाव घेऊन बसतो, म्हणून ओळखू येत नाही.

वारकरी मंडळींनो, आपला आरसा पंढरीच्या महाद्वारीच आहे. नामदेव पायरीसमोर चोखोबारायांची समाधी आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून त्यांचा अंत झाला, नामदेवरायांनी अस्थी आणून येथे समाधी दिली, असे परंपरा सांगते. पुढे कित्येक शतके आपण त्या समाधीला हात जोडले, चोखोबांचे अभंग आळवले, आणि त्यांच्याच जातीच्या माणसाला आत मात्र जाऊ दिले नाही. हा विरोध फार थोड्यांना खटकला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, तेव्हा दाराची वाट मोकळी झाली.

येथे कोणी शंका घेईल, ‘दार उघडले, आता काय उरले?’ तर ऐका. दार दिसते, पंगत दिसत नाही. इरावती कर्वे पायी वारीस गेल्या. दिंडी एक, भजन एक, पण ब्राह्मणांचे भोजन निराळे आणि मराठ्यांचे निराळे, हे पाहून त्यांना वाईट वाटले. त्यांचा हा लेख १९६२ साली इंग्रजीतही प्रसिद्ध झाला. चालणाऱ्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते. वावगे न वाटणे हेच त्या दोषाचे लपण्याचे ठिकाण.

मग पाहावे कसे? आपल्या गावच्या हरिनाम सप्ताहात इतके विचारावे. कोणत्या वस्तीतल्या माणसाच्या गळ्यात आजवर एकदाही वीणा पडली नाही? उष्ट्या पत्रावळी दरवर्षी कोण उचलतो? कीर्तन रंगात आले असता चुलीपाशी कोणत्या मायबहिणी बसलेल्या असतात? वर्गणी कोणत्या वस्तीतून घेतली, आणि बैठकीचे बोलावणे कुठवर गेले?

‘पण आमच्याकडे कोणी तक्रार करीत नाही हो!’ हे अनुमान टिकत नाही. न्यायशास्त्रात दृष्टान्त आहे: लोखंडाचा तापलेला गोळा. त्यात धूर नसतो, पण अग्नी असतो. हात लावणाऱ्यालाच कळते. ज्याचे पोट गावावर अवलंबून, तो गावापुढे काय बोलणार? तो बोलत नाही, यावरून त्याला दुःख नाही असे ठरत नाही.

म्हणून आम्ही सुचवतो: यंदाची सप्ताहाची बैठक त्याच वस्तीत घ्यावी, आणि आपण आधी ऐकावे. वारीत आपण भेटेल त्याच्या पाया पडतो. तेव्हा जात विचारीत नाही. पाया पडून उठल्यावर, पंगत मांडताना, वीणा देताना ती दृष्टी राहिली तर वारी घरी पोचली म्हणावे.

रामकृष्णहरि.