नफा-तोट्याचे गणित आणि खरे गिऱ्हाईक

पुण्याच्या शाळांतून नफा-तोट्याची उदाहरणे पिढ्यान्‌पिढ्या सोडविली जात आहेत. मात्र उदाहरणातील व्यापारी, त्याचा माल आणि त्याचे गिऱ्हाईक यांची विद्यार्थ्याशी कधी गाठ पडत नाही. ही गाठ शाळेतच घालून देण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे झाला.

हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या पुण्यातील भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र. येथे आकारास आलेला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य या चारही विभागांतील कामे मुले व मुली दोघांनाही करावी लागतात. १९८७ मध्ये माध्यमिक शालान्त परीक्षा मंडळाने या विषयास मान्यता दिली.

आठवड्यातील एक दिवस कामाचा. शिकविणारा निदेशक बहुधा गावातीलच कसबी माणूस असतो आणि काम गावाच्या गरजेचे असते. केलेल्या कामाचे मोल आकारले जाते, हे या योजनेचे मर्म होय.

समजा, विद्यार्थ्यांनी एक लोखंडी स्टूल तयार केले. लोखंड ४२० रुपये, वेल्डिंगच्या कांड्या ३०, रंग ६०, वीज १०. चार तासांची मजुरी २०० आणि हत्यारांची झीज ३०. एकूण झाले ७५० रुपये. गिऱ्हाईक म्हणते, बाजारात असे स्टूल ६५० ला मिळते. मग वर्गात खरी चर्चा सुरू होते. लोखंडाचे तुकडे वाया का गेले? दोन तासांच्या कामाला चार तास का लागले? मजुरी सोडून द्यावी, असे कोणी सुचविल्यास आपल्या श्रमाची किंमत शून्य कशी, हेही त्याला सांगावे लागते. फळ्यावर उत्तर चुकले तर एक गुण जातो. येथे शंभर रुपये जातात, आणि गिऱ्हाईकही.

अडचणी नाहीत असे नाही. हत्यारांना व कच्च्या मालाला पैसा लागतो. दहावीच्या गुणांची चिंता असलेल्या पालकांना कार्यशाळेतील दिवस वाया गेल्यासारखा वाटतो. त्यांची ही चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. पण पुस्तकात मागे पडलेला मुलगा मोजमापात वर्गाच्या पुढे असल्याचे अनेकदा याच दिवशी शिक्षकांच्या लक्षात येते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून स्थानिक कारागिरांकडे काम शिकण्याची शिफारस केली आहे. पुणे शहरातील शाळांना त्यासाठी दूर जावयास नको. सुतार, गवंडी आणि वायरमन प्रत्येक पेठेत आहेत. पहिले गिऱ्हाईक तर शाळाच होऊ शकेल. मोडकी बाके कोणत्या शाळेत नाहीत? दुरुस्तीचा अंदाज विद्यार्थ्यांनी द्यावा, बाहेरच्या दराशी तो ताडून पाहावा आणि काम झाल्यावर मुख्याध्यापकांकडून रीतसर बिल वसूल करावे.