माप देताना

स्वादुपिंडाच्या गाठीसाठी मला २८ दिवस शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचा होता. त्याआधी एक सीटी स्कॅन. नर्सबाईंनी बजावलं होतं, "तीन तास पोटात काही नको." साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने पुण्याला निघालो, वाटेत गाडी थांबली आणि मी प्लेटभर पोहे नि चहा हाणला. आधी तीन सीटी झालेले. म्हटलं, फोटोच तर काढायचाय. तिथे विचारलं तेव्हा "उपाशीच आहे" असंही ठोकून दिलं.

हा सीटी निराळा आहे हे टेबलावर पडल्यावर तरी कळायला हवं होतं. एरवीच्या सीटीचं टेबल जरा खोलगट असतं. इथे पाठीखाली फळीसारखं सपाट, कारण शेक देणाऱ्या मशिनचं टेबलही तसंच. हात डोक्यावर. भिंतीतून आलेल्या लेझरच्या रेषा जुळवून पोटावर एक आणि दोन्ही कुशींवर एकेक असे तीन ठिपके गोंदले. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण आठवलं. तिचं हौसेचं होतं. मग पोटावर काडेपेटीएवढा ठोकळा ठेवला. श्वासाबरोबर तो वर-खाली होतो आणि कॅमेरा ते टिपतो. आत स्वादुपिंडही तसंच सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकत असतं.

तिसऱ्या दिवशी फोन आला, पुन्हा या. दुसरा स्कॅन झाल्यावर डॉक्टरबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी लावून दाखवली. पहिल्यात जठर टम्म फुगलेलं, आतडी रेटून बाजूला गेलेली. दुसऱ्यात जठर चपटं आणि आतड्याचं एक वेटोळं थेट गाठीला खेटून. "पहिल्यावर आखणी केली असती तर रोज उपाशी आलात की हे वेटोळं माऱ्यात सापडलं असतं," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शिंप्याला माप देताना पोट आत ओढलं की सदरा कायमचा ताणतो, तसलं हे. किरण वाटेत किती क्षीण होणार याचं गणितही याच स्कॅनच्या आकड्यांवरून मांडतात. त्यात पाण्याला ०, हवेला उणे १०००. त्यामुळे पोटातला गॅससुद्धा हिशेबात येतो.

तेव्हा काही खाल्लं असेल तर सरळ सांगा. तास-दोन तास थांबवतील, फेरी तर वाचेल. किती वेळ उपाशी राहायचं हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असू शकतं, पण स्कॅनला जसं पोट ठेवलं तसंच पुढे रोज ठेवायचं. टेबलावर शहाणपणाने पोट आत घेऊ नका, सांगितल्याशिवाय श्वास रोखू नका. शिरेतून औषध देणार असतील तर क्रिएटिनिनचा रिपोर्ट जवळ ठेवा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी त्या शिरेतल्या औषधाने अंगावर पुरळ उठलं असेल, तर आधीच बोला. आणि शेक चालू असताना पँट सैल होऊ लागली तर लपवू नका. वजन उतरलं की माप बदलतं, कधी स्कॅन पुन्हा करावा लागतो.

माझा एकोणिसावा दिवस असेल. बाहेरच्या बाकावर एक गृहस्थ फाईल मांडीवर ठेवून वडापावचा कागद सोडत होते.

"दादा, आज स्कॅन आहे का?"

"हो. का?"

मी शर्ट वर करून पोटावरचा ठिपका दाखवला आणि पोह्यांची गोष्ट सांगायला बसलो.