रिपोर्टवरच्या ‘नॉर्मल’वर थांबू नकोस

अगं, परवा फोनवर तू म्हणालीस, “ताई, पोरगं खातंय-पितंय, अंगाने भरलंय, त्यात एवढं काय?” तेव्हा तुझ्या सासूबाई शेजारी होत्या, म्हणून मी विषय वाढवला नाही. आता निवांत ऐक.

दहा वर्षांच्या मुलाच्या यकृतात चरबी साठली, तरी बहुतेक वेळा त्याची काहीच तक्रार नसते. ताप नाही, पोटात दुखणं नाही. आपल्याकडे लिव्हर म्हटलं की कावीळच आठवते, डोळे पांढरे दिसले की आपला जीव भांड्यात पडतो. हा आजार तसा कळत नाही, तो शोधावा लागतो. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी 2022 मध्ये देशभरातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा लठ्ठ मुलांपैकी 60 टक्क्यांहून जास्त मुलांना फॅटी लिव्हर निघालं. दारूचा थेंबही न शिवलेली मुलं ही. तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती आधी मनातून काढून टाक.

घरी दोन गोष्टी बघ. शिवणाची टेप घे आणि तो सहज श्वास सोडून उभा असताना, पोट आत न ओढता, बेंबीच्या पातळीवर कंबर मोज. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर चरबी पोटाभोवती साठतेय असं समज. म्हणजे उंची 138 सेंटीमीटर असेल तर कंबर 69 च्या आत हवी. दुसरी गोष्ट त्याची मान. गणपतीत आले होते तेव्हा त्याच्या मानेमागे काळपट पट्टा दिसला होता मला. तू म्हणालीस, “मळ आहे, घासून घेत नाही मेला.” तो मळ नाही गं. बोट फिरवून बघ, कातडी जाडसर, मखमलीसारखी लागेल. काखेतही असेल. शरीरात इन्सुलिन वाढलं की कातडी अशी होते, आणि यकृतातली चरबी बहुधा त्याच वाटेने येते. वजरीने घासू नकोस, डाळीचं पीठ आणि लिंबूही नको. पोराची कातडी सोलवटेल आणि त्याला उगीच लाज वाटेल.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा वजन-उंची लिहून घेतात. ते आकडे माग आणि मुरुडच्या डॉक्टरांना सांग, “बीएमआयच्या तक्त्यावर मांडून दाखवा.” भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा 2015 चा तक्ता आहे, 5 ते 18 वर्षांच्या मुलांसाठी. त्यात मुलगा लठ्ठपणाच्या रेषेवर गेला, तर साधारण नऊ ते अकराच्या वयात यकृताची तपासणी करायलाच हवी. नुसतं वजन जास्त असेल, पण मान काळी असेल, झोपेत घोरत असेल, घरात मधुमेह असेल, तरीही करायची. तुझ्या सासूबाईंची साखर मी विसरले नाहीये.

तपासणी म्हणजे रक्तातलं एसजीपीटी. कुठल्याही लॅबमध्ये होतं. आता इथे नीट लक्ष दे, कारण इथेच बहुतेक आया फसतात. रिपोर्टवर शेजारी ‘40 पर्यंत नॉर्मल’ असं काहीतरी छापलेलं असतं, कुठे 45, कुठे 50. मुलांच्या यकृताचे डॉक्टर यासाठी मुलाला 26 आणि मुलीला 22 हीच हद्द धरतात. मग तुझ्या मुलाचं 38 आलं, तर कागदावर आकडा ठळक केलेला नसेल, कंपाउंडरही “सगळं छान आहे” म्हणेल, पण ते छान नाही. पुन्हा तपासायचं. तीन महिन्यांनीही ते 50 च्या वरच राहिलं, तर अलिबागला जिल्हा रुग्णालयात किंवा सरळ मुंबईला मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे जायचं. 80 च्या वर गेलं तर तीन महिने थांबायचंच नाही. ताप-सर्दी चालू असताना मात्र रक्त देऊ नकोस, तेव्हा आकडा उगीच चढलेला असू शकतो.

“त्यापेक्षा सोनोग्राफीच करून टाकते,” असं तू म्हणशील. कर, पण तिच्यावर विसंबू नकोस. चरबी बरीच साठल्याशिवाय ती सोनोग्राफीत नीट दिसत नाही. आणि एसजीपीटी वाढलं म्हणजे फॅटी लिव्हरच, असंही नाही. हिपॅटायटीस बी, सी, विल्सनचा आजार, असं काही नाही ना, हे डॉक्टरांनी बघायला हवं. जाड मुलाला बघून सगळं वजनावर ढकललं गेलं, तर तू स्वतः विचार.

कुणी लिव्हर टॉनिकची बाटली दिली, काविळीचा पाला सुचवला, तर घेऊ नकोस. मुलांच्या या दुखण्यावर मान्यता मिळालेलं औषध अजून नाही. गोड कमी केल्याने मात्र खरंच फरक पडतो. 2019 मध्ये अमेरिकेत 11 ते 16 वर्षांच्या 40 मुलांवर एक अभ्यास झाला. ज्यांचं वरून घातलेल्या साखरेचं खाणंपिणं जवळजवळ बंद केलं, त्यांच्या यकृतातली चरबी आठ आठवड्यांत 25 टक्क्यांवरून 17 वर आली. तेव्हा आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या बोटीची वाट बघणाऱ्या पर्यटकांसारखी याच्याही हातात रोज थंड पेयाची बाटली असते, ती आधी बंद कर. बांगडा, मांदेली, भाकरी खाऊ दे पोटभर. मासळीवर राग काढू नकोस, फक्त रोज तळू नको. आणि बंद करायचं ते सगळ्या घराचं. त्याच्या एकट्याच्या ताटाकडे बघून कुणी “जाड्या” म्हणालं, तर तो चोरून खाईल. सासूबाईंना मी समजावते, ते माझ्याकडे लागलं.

रिपोर्ट आला की फोटो पाठव. चांगला आला तरी दोन-तीन वर्षांनी परत करायचा, वजन भराभर वाढलं तर त्याआधीच. आणि टेप हातात आहेच, तर धाकटीचीही कंबर मोजून घे. तीही आता नऊची होईल, आणि एसजीपीटीची तिची हद्द 22 आहे.