कंपायलर आहे का? नुसतं नाव विचारू नका!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, लेखी मराठी थोडं अडखळतं. सांभाळून घ्या.

गेल्या सेमिस्टरला मिनी प्रोजेक्टसाठी मी बिल्ड स्क्रिप्ट लिहिली. सी भाषेतल्या सगळ्या फाइल्स एकाच कमांडने कंपाइल व्हाव्यात, एवढाच हेतू. सुरुवातीला कंपायलरची तपासणी टाकली: पाथमधल्या फोल्डरांत जीसीसी नावाची फाइल सापडली की "कंपायलर मिळाला" असं छापायचं. माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं.

व्हायव्हाच्या आदल्या रात्री माझी पार्टनर केजला घरी होती. तिच्या सेकंडहँड मशीनवर "कंपायलर मिळाला" असं आलं आणि लगेच खाली एरर, स्टडआयओ डॉट एच सापडत नाही! तिचा फोन आला, "अगं, तुझी स्क्रिप्ट खोटं बोलते."

बोलतच होती. जीसीसी होता, पण सी लायब्ररीच्या हेडर फाइल्स नव्हत्या. उबुंटूत त्यांचं पॅकेज वेगळं असतं. गिरणी उघडी आहे पण लाइट गेलेली, मग दळण कसं मिळणार?

मग मी ऑटोकॉन्फ हे काम कसं करतं ते वाचलं. हे टूल डेव्हिड मॅकेन्झी यांनी 1991 मध्ये सुरू केलं. त्यातून तयार होणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट आधी सीसी हे व्हेरिएबल बघते, कारण वापरणाऱ्याने स्वतः कंपायलर निवडला असेल तर त्याचा मान पहिला. (मी हे विसरलेच होते.) ते रिकामं असेल तर जीसीसी, सीसी अशी नावं शोधते. पण नाव सापडलं म्हणून थांबत नाही. कॉन्फटेस्ट नावाचा चिमुकला प्रोग्राम स्वतः लिहिते, कंपाइल करते आणि चालवूनही बघते. दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी बिल्ड करत असू तर चालवणं सोडून देते. काही बिघडलं तर कंपायलरची मूळ एरर कॉन्फिग डॉट लॉगमध्ये राहते.

नावाचा भरवसा नाही याचं आणखी एक उदाहरण. ॲपलच्या मॅकवर जीसीसी टाइप केलं तरी चालतो क्लँग! तो जीसीसीचे मॅक्रोही डिफाइन करतो, म्हणून ओळखायचा तर क्लँगचा मॅक्रो आधी तपासावा लागतो.

मी त्याच रात्री तपासणी बदलली. चार ओळींचा प्रोग्राम, त्यात स्टडआयओ, कंपाइल करून चालवायचा, एक्झिट स्टेटस शून्य आला तरच पुढे जायचं. नाहीतर कंपायलरची एरर जशीच्या तशी दाखवायची. पार्टनरने मोबाइलच्या नेटवर ते पॅकेज उतरवलं तेव्हा पावणेबारा वाजले होते.

दुसऱ्या दिवशी व्हायव्हात यातलं एक अक्षरही कोणी विचारलं नाही.