कच्ची कडी कोठे असावी? (नायट्रो ट्रकच्या शक्तिवहनासंबंधी थोडेसे)

रेडिओच्या साहाय्याने दुरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या मोटारी म्हणजे लहान मुलांची खेळणी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. परंतु त्यांतील ‘नायट्रो’ जातीच्या ट्रकमध्ये खरेखुरे एंजिन असते. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ट्रॅक्सस कंपनीने १९९९ साली आणलेला ‘टी-मॅक्स’ हा या जातीचा एक प्रसिद्ध ट्रक. अशा ट्रकचे मूळ भाग काढून अधिक मजबूत भाग बसविण्याचा छंद तिकडे अनेकांना आहे. या छंदात यंत्रशास्त्राइतकाच हिशेबही आहे. म्हणून वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही तो अभ्यासण्यासारखा वाटतो.

या एंजिनाचे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणतेल यांचे मिश्रण. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच हवेत अधिक इंधन जळते व शक्ती वाढते. टी-मॅक्सचे एंजिन आरंभी सुमारे २.५ सीसीचे होते; पुढील आवृत्तीत ते ३.३ सीसीचे झाले. म्हणजे आकारमान जवळजवळ एकतृतीयांशाने वाढले.

आता ही शक्ती चाकापर्यंत कशी पोचते ते पाहू. एंजिनाचा वेग वाढला की क्लचमधील तुकडे बाहेर फेकले जाऊन भोवतालच्या घंटेला घट्ट टेकतात. घंटेवरील लहान दातेरी चाक ‘स्पर’ नावाचे मोठे दातेरी चाक फिरविते. तेथून शक्ती गिअरपेटीत, मग शाफ्टमार्गे पुढील व मागील डिफरन्शियलमध्ये आणि शेवटी चाकांत जाते. स्परजवळच ‘स्लिपर’ म्हणजे घसरता क्लच असतो. प्रमाणाबाहेर जोर आला की तो थोडा घसरतो आणि पुढील भाग वाचतात. घरातील विजेच्या फ्यूजचे जे काम, तेच याचे.

भाग मोडतात ते केवळ एंजिनाच्या जोराने नव्हे. ट्रक उंच उडाला असता चाके हवेत भरवेगाने फिरत असतात. जमिनीला टेकताच त्यांचा वेग एकदम खाली येतो आणि तो धक्का शाफ्ट, डिफरन्शियल व गिअर यांच्या दातांवर उलटा येऊन आदळतो. वेग दुप्पट झाला तर फिरत्या चाकातील ऊर्जा चौपट होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

नवशिका हौशी माणूस काय करतो? प्लास्टिकच्या स्परचे दात झडले की पोलादी स्पर बसवितो. मग स्पर टिकतो, पण धक्का पुढे सरकतो आणि शाफ्ट पिळवटतो. पोलादी शाफ्ट घातला की डिफरन्शियलचे दात तुटतात. शिवाय पोलादाच्या वजनामुळे ट्रक वेग घेण्यास मंद होतो. स्लिपरचा नट पूर्ण आवळून ठेवणे म्हणजे तर फ्यूजच्या जागी जाड तार घालणे! साखळीत एक कडी कच्ची राहणारच. ती कोठे असावी, एवढेच आपल्या हाती असते. हिशेबाने पाहता ती स्वस्त आणि पटकन बदलता येईल अशा जागी असावी. स्पर बदलण्यास थोडे स्क्रू काढावे लागतात. डिफरन्शियलसाठी बराच ट्रक उकलावा लागतो.

दात्यांचे गणितही असेच. समजा, घंटेला २० व स्परला ६० दाते आहेत. प्रमाण ३ झाले. म्हणजे वेग एकतृतीयांश, पण पीळ तिप्पट. घंटा २४ दात्यांची केली तर प्रमाण २.५ होते. कमाल वेग २० टक्क्यांनी वाढू शकतो. परंतु चाकावरील पीळ एकषष्ठांशाने घटतो आणि क्लच अधिक घसरून तापतो. टायरची त्रिज्या ७ सेंटिमीटरवरून ८ केली, तर जमिनीवर तीच ओढ मिळण्यास आसावर एकसप्तमांश अधिक पीळ लागतो. फुकट काहीच मिळत नाही. एका खात्यातील जमा दुसऱ्या खात्यात नावे पडते.

म्हणून सुधारणेचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवणे हितावह :
१. प्रथम बेअरिंगे स्वच्छ करावीत. खराब झालेली बदलावीत.
२. घंटा व स्पर यांच्या दात्यांमध्ये कागदाची पट्टी घालून अंतर जुळवावे. फार घट्ट बसले तर दाते झिजतात, सैल राहिले तर झडतात.
३. स्लिपर निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे लावावा.
४. डिफरन्शियलमधील दात्यांची सैलाई पातळ चकत्या घालून काढावी.
५. एवढे करूनही जो भाग वारंवार मोडेल, तोच पोलादी घ्यावा. आणि त्यानंतर धक्का कोणत्या भागावर जाईल याचा विचार खरेदीपूर्वीच करावा.

मोठे एंजिन सर्वांत शेवटी. ते आधी बसविणे म्हणजे पाया न घालता कळस चढविणे होय.